जातं, उतरंड, उंबरा

थंडी पडली की आमच्या गल्लीत सकाळी रडारड सुरू होते. शेजारची सून हातात ब्रश घेऊन पोराच्या मागं धावते. पोरगं ओट्यावरून जिन्यात, जिन्यातून रस्त्यावर. तोंडाला पांढरा फेस, हनुवटीवर ओघळ, नाकातून वाफ. "घासले म्हटलं ना," असं ते रागानं सांगतं, आणि खरं तर त्यानं पेस्ट नुसती चाटलेली असते. गोड असते म्हणे. आमच्या वेळी दात घासायच्या वस्तूला राखेची, मिठाची आणि तुरटीची चव असायची, त्यामुळं चाटायचा प्रश्नच नव्हता.

मी दारात उन्हाला खुर्ची टाकून हे बघत असते आणि माझी कवळी घासत असते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला दुसरं काम काय? दात हातात घेऊन घासण्यात एक सोय आहे, बोट दाढेपर्यंत पोचत नाही ही तक्रार राहत नाही. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आहेत तर दात वाटीत आहेत. लोक ही म्हण हसण्यावारी नेतात. मी ती रोज सकाळी धुऊन घेते.

गेल्या आठवड्यात कमळ येऊन गेली. एक रात्र राहिली. तेव्हापासून मला एक जुना हिवाळा सोडत नाही. मला लिहायला आलं तेच पस्तिशीनंतर, प्रौढांच्या वर्गात, त्यामुळं तो हिवाळा तेव्हा कुठं लिहून ठेवला नव्हता. आता जसा आठवेल तसा लिहिते.

निजामाचं राज्य होतं. आमचे हे करोडगिरीच्या नाक्यावर शिपाई होते. करोडगिरी म्हणजे संस्थानात येणाऱ्या मालावरची जकात. आगगाडीनं उतरलेली पोती उचकायची, अंगात खाकी डगला घालायचा, आणि मार्गशीर्ष-पौष न म्हणता निजामाच्या पंचांगातलं बहमन-इस्फंदार म्हणायचं. तुळशीचं लग्न लागलं आणि मागोमाग माझं लागलं. मी सतरा वर्षांची, हे तिशी ओलांडलेले. पहिली बायको आदल्या उन्हाळ्यात तापानं गेली होती, मागं दोन लेकरं ठेवून. दत्तू सहा वर्षांचा आणि कमळ चारची.

माझं माहेर करमाडच्या बाजूचं. माहेर म्हणजे काय, तर चार महिने खोपट आणि आठ महिने पाल. आम्ही मेंढरांच्या मागं फिरणारी धनगरं. आमच्यात जातंसुद्धा घोड्याच्या पाठीवर बसून गावोगाव फिरायचं. यांच्या घराण्यानं दोन पिढ्यांपूर्वीच काठी-घोंगडं खाली ठेवलं होतं. त्यामुळं भिंतींचं, माळवदाचं, उंबऱ्याचं घर असं मी राहायला म्हणून पहिल्यांदा बघितलं ते लग्नानंतर. भिंतीमुळं वारा कळत नाही, आणि वारा कळला नाही की मला झोप लागायची नाही.

पहिल्याच सकाळी मी झाडायला घेतलं ते दारापासून आत. पाल झाडायची सवय, तिथं दार कुठलं आणि आत कुठलं. वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, जालन्याला दिलेली, भावजय गेल्यापासून इथंच घर सांभाळत होती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अगं, कचरा घरात ढकलतीस व्हय? आतून झाडत यायचं. जात्यापासून. मग उतरंडीखालून. उंबऱ्यावर गोळा करायचं, मग भाईर. पालातल्या पोरीला काय ठावं उंबरा."

उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. आमच्यात दोन मडकी होती, ती घोड्याच्या दोन बाजूंना. मी मान खाली घालून पुन्हा जात्यापासून झाडलं. तो धडा मात्र मी कधी विसरले नाही, आणि वन्संला कल्पना नव्हती की त्या धड्याचं मी पुढं काय करणार आहे.

दोन दिवसांनी वन्सं जालन्याला गेली. जाताना लेकरांना सांगून गेली, "हिला मावशी म्हणा. आई एकच असती." लेकरांनी तिचा अर्धाच हुकूम मानला. आई म्हणाले नाहीतच, मावशीही म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत. कमळला तहान लागली की ती माझ्यासमोर रिकामा पेला ठेवायची आणि भिंतीकडं बघत उभी राहायची. दत्तूला माझ्याशी बोलायचं असलं की तो कमळला सांगायचा आणि कमळ गप्प बसायची. दोघांना जणू दातखीळ बसली होती.

यांनी मला संसाराविषयी जे सांगितलं ते एका दमात. डगल्याची बटणं लावता लावता म्हणाले, "पोरांची दातं तेवढी बघ. तिच्या माघारी कुणी बघितलं नाय." आणि नाक्यावर गेले. खरंच कुणी बघितलं नव्हतं. कमळच्या वरच्या चार दातांवर काळ्या रेघा, दत्तूच्या दाढेत कीड, आणि दोघांच्या तोंडाला वास. वन्सं धरून घासायची, कधीमधी, पाय दाबून. दात घासणं म्हणजे मार खाणं, असं त्यांच्या मनात बसलं होतं.

मला तोंडं उघडायची एकच रीत ठाऊक होती. माझा बाप मेंढराचं वय बघायचा तेव्हा त्याला दोन गुडघ्यांत धरायचा, जबड्याच्या कोपऱ्यात जिथं दात नसतात तिथं अंगठा सारायचा, की मेंढरू आपोआप आ करतं. दोनदाती, चारदाती, सहादाती, बाप एका नजरेत सांगायचा. मी लहानपणापासून शेकडो मेंढरांची तोंडं उघडली होती. तेव्हा वन्सं गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी दत्तूला गुडघ्यांत धरलं आणि गालाच्या कोपऱ्यातून अंगठा सारला. एक गोष्ट विसरले, की माणसाच्या पोराला तिथं दाढा असतात. तो असा चावला की रक्त आलं. खूण अजून आहे अंगठ्यावर, पांढरी, ज्वारीच्या दाण्याएवढी.

दत्तू लांब जाऊन उभा राहिला. कमळला म्हणाला, "ही आपल्याला मेंढरं समजती." माझ्याविषयी त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. मी अंगठा तोंडात धरून बसले होते आणि मला वाईट वाटायचं सोडून बरं वाटत होतं, की निदान बोलला तरी. त्यानंतर मी दाताच्या कण्या केल्या. गूळ दाखवला, दाणे दाखवले. गूळ खाल्ला, दाणे खाल्ले, तोंडं पुन्हा मिटली.

गल्लीच्या तोंडाशी एक हौद होता. नहरीचं पाणी जमिनीखालून खापराच्या नळांतून यायचं, त्यामुळं कडाक्याच्या थंडीतही ते हाताला कोमट लागायचं आणि हौदावर सकाळी वाफ तरंगायची. सगळी गल्ली तिथं तोंडं धुवायची. आमच्याच भिंतीला भिंत लागून सगळ्या गल्लीची खाला, म्हणजे मावशी, राहायची. तिचा नवरा हिमरूचं नक्षीदार कापड विणायचा. उजाडलं की मागाची खटखट सुरू व्हायची ती दिवस मावळेपर्यंत. ती खटखट म्हणजेच मला तेव्हा सोबत होती. हे नाक्यावर, लेकरं गल्लीत, आणि घरात मी आणि ती खटखट. माहेरी दोनशे मेंढरं, चार कुत्री, चुलत्या, आत्या, एकमेकींवर ओरडणाऱ्या बायका. इथं दुपारी मी मडक्याला म्हणायचे, सरक गं बाई जरा. एवढंच बोलणं. सतराव्या वर्षी माणूस इतकं एकटं असू शकतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आणि दुपारी माझी मिश्री असायची. लपवून काय करू आता? तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, आणि बोटानं हिरड्यांना लावून बसायचं. आईनं मला बाराव्या वर्षी लावली होती, दाढ दुखत होती म्हणून. दाढ राहिली, मिश्री लागली. आमच्या सगळ्या बाया लावायच्या. लग्नात आईनं लुगड्याच्या घडीत एक पत्र्याची डबी दिली होती. ती मी गोवऱ्यांच्या मागं ठेवायचे. दुपारी डबी काढायची, भिंतीला टेकायचं, बोट फिरवत राहायचं. त्या वासात आई होती, पाल होतं, ओली लोकर होती. डोकं जरा हलकं व्हायचं आणि घर लांब जायचं.

खालाची पाच पोरं होती. ती हौदावर ओळीनं बसून मिसवाकच्या काड्या चावायची. त्यांना कुणी धरत नव्हतं, ओरडत नव्हतं. मी एकदा तिला अंगठा दाखवला आणि मेंढराची गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली.

"अगे बेटी, बच्च्यां का मुँह क्या डिब्बा है, अंगूठा डालके खोलने कू? पैले अपना मुँह खोल. उनों देखिंगे, फिर अपने आप खोलिंगे. पीछे नक्को पड."

दुसऱ्या दिवशी मी पोरांना हाक मारली नाही. गोवरीची राख फडक्यातून चाळून घेतली, त्यात मीठ आणि भाजलेली तुरटी घातली, ती राखुंडी तळहातावर घेऊन अंगणात उन्हात बसले आणि आ करून आपलेच दात घासू लागले. पोरं ओसरीवर होती. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. स्वतःशीच बोलल्यासारखं मोठ्यानं म्हणत राहिले. या घरात लई कचरा झालाय बाई. आतून झाडत यायचं. हे मागं जातं, इथं पीठ सांडलंय. आता उतरंड, एक एक मडकं पुसायचं. आता आला उंबरा. उंबरा चकचकीत पाहिजे, पाहुणे येत्यात. मग पाण्याची चूळ, आणि दार उघड, पाणी सोड. भस्सकन अंगणात पाणी.

का म्हटलं, मला माहीत नाही. घर मी नुकतंच शिकत होते. कुठल्या वस्तूला काय म्हणतात हे पाठ करत होते. माझ्याजवळ दुसरे शब्दच नव्हते.

असं मी चार दिवस केलं. चार दिवस माझे दात इतके घासले गेले की हिरड्या सोलल्या. पाचव्या दिवशी कमळ ओसरीवरून उतरली. माझ्यासमोर येऊन बसली, पाय पोटाशी घेऊन. माझ्या तळहातावरच्या राखेत तिनं आपलं बोट बुडवलं. मला वाटलं आता आपल्या तोंडात घालील. तिनं ते माझ्या तोंडात घातलं.

इवलंसं बोट. थंडीनं गार पडलेलं. ती माझ्या दाढेवर ते गोल गोल फिरवत होती, जीभ बाहेर काढून, डोळे बारीक करून. मग म्हणाली, "जातं झालं." मी तोंड उघडं ठेवून बसले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला हलता येत नव्हतं, कारण तिचं काम चाललं होतं. उतरंड झाली, उंबरा झाला. "दार उघड," ती म्हणाली. मी चूळ भरून पाणी सोडलं. मग तिनं स्वतः आ केला आणि माझ्याकडं न बघता आपल्या जात्यापाशी बोट नेलं.

मूल दुसऱ्याचं घर आधी झाडतं आणि मग आपलं, हे मी त्या दिवशी शिकले. नंतर म्हातारपणापर्यंत कित्येक आया पोरांच्या तोंडात बोटं कोंबताना बघितल्या. त्यांना सांगावंसं वाटतं, की आधी त्याचं बोट तुमच्या तोंडात घ्या. सांगत नाही. फुकटच्या सल्ल्याला पेस्टच्या फेसाइतकीही किंमत नसते.

दत्तू मात्र सहा वर्षांचा पुरुष होता. तो असल्या खेळात येत नव्हता. पण सकाळी मी उठायच्या आत अंगणाच्या कोपऱ्यात राखेच्या पाण्याचा एक करडा डाग पडलेला असायचा. मी तो डाग झाडत नसे. एकदा मी म्हटलं, भिंतीकडं बघून, "रात्री कुणी तरी येऊन आमच्या अंगणात दार उघडून गेलं." तो गालातल्या गालात हसला, आणि तेव्हा मला दिसलं की त्याच्या खालच्या दोन दुधाच्या दातांच्या जागी नवे दोन आलेत, करवतीच्या काठाचे.

"दोनदाती झालास की रं," मी म्हटलं.

"म्हंजी?"

"आमच्यात मेंढराला दोन मोठे दात आले की दोनदाती म्हणत्यात. मग ते कळपात मोठं झालं."

त्यानं विचार केला. "मंग कमळी?"

"ती अजून कोकरू."

"मी कोकरू नाय," कमळ म्हणाली, आणि त्या दिवशी दुपारभर दोघांचं त्यावरून भांडण चाललं. मी गोवऱ्यांच्या मागची डबी काढायची विसरले.

पुढचे चार-पाच आठवडे. माझ्या आयुष्यातला सुखाचा म्हणावा असा काळ कुठला, असं कुणी विचारलं तर मी हे आठवडे सांगीन, आणि ऐकणाऱ्याला ते फारच थोडे वाटतील. माळवदावर वाळत घातलेल्या तुरीच्या शेंगा. करमाडहून बापानं पाठवलेला हुरडा, त्याचा हिरवा गोड चिकटा दातांत अडकलेला, आणि दत्तू सांगतोय की त्याच्या जात्यात अजून दोन दाणे आहेत, ते तो दुपारी खाणार आहे. बोरं खाऊन पिवळी झालेली जीभ. तिला आम्ही अंगण म्हणायचो, ते शेवटी झाडायचं. सकाळी तिघांच्या तोंडांतून निघणाऱ्या वाफा. हे एकदा दाराशी उभे राहून आमच्याकडं बघत राहिले, डगल्याची बटणं तशीच उघडी, आणि मग नाक्यावर गेले. हाक मात्र अजून कुणी मारत नव्हतं. पेला समोर येत होता, पण आता पेल्यामागं माझ्याकडं बघणारे डोळे होते. मी स्वतःला सांगायचे, थांब. पीछे नक्को पड.

मिश्री मी बंद केली नव्हती. कमी झाली होती. पोरं झोपली की दुपारी एकदा. मला वाटायचं कुणी बघत नाही. मेंढरांत वाढलेल्या बाईला हे कळायला हवं होतं, की कोकरू चरत असलं तरी एक डोळा मेंढीवर ठेवूनच चरतं.

संक्रांतीला वन्सं आली. तिनं पोरांची तोंडं बघितली, दोघांनी आपण होऊन आ केला, आणि ती म्हणाली, "बरंय." वन्संच्या तोंडचं बरंय म्हणजे दुसऱ्याच्या तोंडची आरती. मी त्या आनंदात तिळाच्या वड्या थापल्या. गूळ जरा जास्त शिजला. वड्या अशा झाल्या की चावल्या की दात एकमेकांना सोडत नसत. सगळे हसले. मीही हसले. वन्सं आणि मी चुलीपाशी बसलो होतो, आणि अंगणातून दत्तूचा आवाज आला. तो कमळला समजावत होता.

"ती राख नको. तिनं नाय निघत चिकटा. आईची खरी राखुंडी ही हाय. आई दुपारची हीच लावती."

आई. माझ्या हातात वडी तशीच राहिली. कुणाची आई, असा एक वेडा प्रश्न माझ्या मनात आला, आणि मग कळलं की माझ्याविषयी बोलतोय. दोन महिने मी ज्याची वाट बघत होते ते असं पाठमोरं, दुसऱ्याच कुणाला सांगताना, सहज आलं. मला ते ऐकत बसायचं होतं. अजून एकदा म्हणतो का, म्हणून मी बसून राहिले. दहा श्वास, फार तर पंधरा. तेवढ्यात उठले असते तर.

उठले तेव्हा दत्तू ओसरीच्या पायरीवर बसला होता, पांढराफटक. डबी उघडी, बोट काळं, ओठ काळे. त्यानं राखुंडीसारखी मूठभर घेतली होती आणि लाळ गिळली होती. कमळला अजून दिली नव्हती, कारण ती कोकरू. त्याला भडभडून ओकारी झाली, घाम सुटला, डोळे वर गेले. खाला हातातलं काम सोडून धावत आली, मिठाचं पाणी पाजलं, पालथा धरला, पुन्हा ओकवलं. संध्याकाळपर्यंत तो पांघरुणात झोपला होता आणि श्वास नीट चालला होता. उद्या खेळायला लागंल, खाला म्हणाली, आणि तसंच झालं. त्या पोराला काही झालं नाही.

वन्संनं डबी उचलून हुंगली. माझ्याकडं बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आज मिश्री," ती भावाला म्हणाली, "उद्या काय? मी नेते लेकरं."

हे जमिनीकडं बघत होते. मी यांच्याकडं बघत होते. एक शब्द पुरला असता. चुकली, लहान आहे, राहू दे, काहीही. मी स्वतः का बोलले नाही? चूक माझी होती म्हणून. आणि चूक ज्याची असते त्याला तोंड नसतं. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कुणापाशी न्यायची? यांच्यावर मी त्या एका गप्प बसण्याबद्दल पुढं तीस वर्षं दात धरून होते. ते गेले तेव्हा तो राग कुठं ठेवावा हे मला कळेना.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं लेकरं जालन्याला गेली. स्टेशनवर जायच्या आधी मी दोघांना अंगणात बसवलं. जातं, उतरंड, उंबरा. कमळनं खेळ म्हणून केलं. दत्तूनं केलं, पण माझ्याकडं बघितलं नाही. त्याला वाटत होतं की हे सगळं त्याच्यामुळं झालं. मी त्याला सांगायला हवं होतं की तुझ्यामुळं नाही. गाडीच्या गडबडीत राहून गेलं. जी गाडी त्यांना घेऊन गेली ती करमाडवरूनच जाते. माझ्या माहेरावरून माझी पोरं गेली, आणि बाप तेव्हा रानात मेंढरं घेऊन कुठं तरी होता.

इथं लिहिलं तर शोभून दिसेल, की त्या दिवशी मी डबी हौदात फेकली आणि मिश्री सोडली. नाही सोडली. घरात पुन्हा ती खटखट आणि मी. डबी महिन्यातून दोनदा भरायचे ती चारदा भरू लागले. पन्नाशीच्या आत एक एक करून जातं गेलं, उतरंड ढासळली, शेवटी उंबराही पडला. ही कवळी ती त्या हिवाळ्याची कमाई.

मला मूल झालं नाही. राज्य बदललं, नाका गेला, शहर वाढलं, हौद बुजला. पोरं सुट्टीत यायची, पाहुण्यांसारखी. वन्संनं शिकवल्याप्रमाणं मावशी म्हणायची, चांगल्या वळणाची होती. दत्तू नोकरीला लांब गेला. दिवाळीला त्याचं पत्र येतं, मायना "ती. मावशीस", खाली साष्टांग नमस्कार. त्या डबीविषयी आम्ही कधी बोललो नाही. कमळचं सासर जालन्यातच. वर्षा-दोन वर्षांतून ती येते, पेढे घेऊन. या माणसाला चावता येत नाही हे तिला आठवत असतं, एवढं खरं.

गेल्या आठवड्यात आली ती नातीला घेऊन. चार वर्षांची पोर, दातांवर तशाच काळ्या रेघा. सकाळी उन्हात मी खुर्ची टाकून बसले होते, कवळी पाण्याच्या वाटीत. कमळ नातीला घेऊन नळावर गेली. पोर तोंड मिटून बसली. कमळनं तिला धरलं नाही. स्वतःचं तोंड उघडलं, बोट आत घातलं आणि म्हणू लागली.

"आधी जातं. मग उतरंड. मग उंबरा. दार उघड, पाणी सोड."

पंचावन्न-साठ वर्षं मी ते शब्द कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. माझ्या घरातही मी ते मनात म्हणायचे.

"जातं म्हंजी काय?" नातीनं विचारलं.

"तुला नाय कळायचं. माझ्या आईनं मला असंच शिकवलं होतं." मग ती माझ्याकडं वळली, ओल्या तोंडानं, साठी पार केलेली बाई, आणि म्हणाली, "मावशी, मला तिचा चेहरा नाय आठवत. आवाज नाय आठवत. एवढंच आठवतं बघ, थंडीत अंगणात बसलेलं आणि तिच्या तोंडात माझं बोट. एवढीच आई हाय माझ्यापाशी."

दात वाटीत होते. नुसत्या हिरड्यांनी माणूस धड बोलत नाही, हे त्या वेळी माझ्या उपयोगी पडलं. तेवढ्या वेळात मला विचार करता आला. सांगितलं असतं, तर तिनं विश्वास ठेवला असता. आणि मग? तिच्या हातात मावशीचा एक खेळ राहिला असता, आणि आई मुळीच राहिली नसती. त्या बिचारीनंही, जी तापानं गेली, तीन-चार वर्षं या पोरीला दूध पाजलं, न्हाऊ घातलं, आणि त्यातलं एवढंसुद्धा मागं उरलं नव्हतं. माझं तिला दिलं तर माझ्याकडं कमी होणार नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं, पण सांगितलं.

मी कवळी बसवली. "व्हय," म्हटलं. "चांगलं शिकवलं तिनं."

दुपारच्या गाडीनं त्या गेल्या. दुसऱ्या सकाळी शेजारच्या पोराची रडारड नेहमीसारखी सुरू झाली आणि मी नेहमीसारखी खुर्ची उन्हात ओढली. दात हातात घेतले. आधी जातं, मग उतरंड, मग उंबरा. दार उघड, पाणी सोड, एवढं मी मोठ्यानं म्हटलं. आसपास ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून पुढचंही म्हटलं.

"आईनं शिकवलंय."